कमरेला बांधायचं फुगणारं लाइफ जॅकेट: चार्ल्स नदीवर वापरून पाहिलं तेव्हा

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. बॉस्टनच्या चार्ल्स नदीवर सिंगल स्कल, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी मारायची अरुंद शर्यतीची बोट, चालवणाऱ्या आणि बऱ्यापैकी पोहता येणाऱ्या माणसाने मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत हा पट्टा कमरेला बांधावा. पैसे वसूल आहेत. मार्च-एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मात्र याच्या भरवशावर एकट्याने पाण्यात जाऊ नये. विकणाऱ्याच्या पानावर हा फरक कुठेच लिहिलेला नाही. ग्राहकांचे शेरे वाचावेत तर ‘हलका आहे’, ‘रंग छान’ यापलीकडे कुणी जात नाही. म्हणून हे एवढं लांबण.

वस्तू अशी: प्रवासात पासपोर्ट ठेवायला लोक कमरेला पाउच बांधतात, त्या आकाराचं एक पाकीट आणि त्याला रुंद पट्टा. पाकिटात घडी घातलेला पिवळा फुगा आणि कार्बन डायऑक्साइडचं 16 ग्रॅमचं छोटं नळकांडं. खाली एक दोरी लोंबते, तिला प्लॅस्टिकची मूठ. मूठ खसकन ओढली की नळकांड्याला भोक पडतं आणि फुगा काही सेकंदांत भरून पोटासमोर उभा राहतो. मग तो डोक्यावरून गळ्यात घालायचा. गॅसने दगा दिला तर तोंडाने फुंकायला एक नळी आहे. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत शंभर डॉलरच्या थोडी वर.

लेबलावर अमेरिकन कोस्ट गार्डची मान्यता आहे, पण ते लेबल नीट वाचा. हे जॅकेट अंगावर असेल तरच हिशोबात धरलं जातं, बोटीत ठेवून चालत नाही. सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही. पोहता न येणाऱ्यांसाठीही नाही. तरंगवायची ताकद 17 पाउंडांच्या आसपास, म्हणजे साध्या फोमच्या, कोस्ट गार्डच्या वर्गवारीतल्या तिसऱ्या प्रकारच्या जॅकेटपेक्षा (ते 15.5 पाउंड) थोडी जास्तच. पण बेशुद्ध माणसाला उलटवून त्याचं तोंड पाण्याबाहेर आणेल अशी खात्री यात नाही.

आता माझ्याबद्दल थोडंसं. वल्ही मारायला मी शिकले पुण्यात, सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या बोट क्लबवर. तिथे नदीत पडायची भीती होती ती वासाची आणि जलपर्णीची. पाणी किती अंशांवर आहे हे कुणी कधी विचारल्याचं आठवत नाही. पडलो तर घरी जाऊन डेटॉल घालून अंघोळ करायची, विषय संपला. अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं नोकरी, मुलं आणि अंगणातला बर्फ उपसणं यात गेली आणि पन्नाशीच्या अलीकडे पुन्हा बोटीत बसले. एप्रिलचा मध्य होता. इथल्या क्लबात प्रशिक्षकाने सगळ्यात आधी फळ्यावर दोन आकडे लिहिले: हवा 68, पाणी 46. फॅरनहाइट. मी मनातल्या मनात सेल्सिअस केलं: हवा 20, पाणी 8. बाहेर नदीकाठी लोक अर्ध्या चड्डीत धावत होते.

हेच चार्ल्सचं लबाड रूप. तशी ती संथ नदी. हॉपकिंटनला उगम पावते, बॉस्टन मॅरेथॉनही तिथूनच सुटते. मॅरेथॉनवाले 26 मैलांत बॉस्टन गाठतात आणि ही बाई वळणं घेत, गावोगावी रेंगाळत सुमारे 80 मैल हिंडून पोचते. शेवटचा भाग तर 1910 साली बांधलेल्या धरणामुळे जवळजवळ तळंच झालेला. थंडीत ती गोठते, क्लबवाले डॉक काढून ठेवतात. उन्हाळ्यात पाणी 25-26 अंशांपर्यंत तापतं, इतकं की कधीकधी निळं-हिरवं शेवाळ माजून पाण्यापासून लांब राहायच्या सूचना येतात. मी बोटीला एक स्वस्तातलं तरंगतं थर्मामीटर बांधून ठेवलं आहे. त्यावर मार्चअखेरीस 4-5 अंश दिसतात, मॅरेथॉनच्या सुमाराला, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, 8-10, मेच्या मध्यावर 14-15. ऑक्टोबरात हेड ऑफ द चार्ल्स या वल्हवण्याच्या शर्यतीच्या वेळी परत तेच 14-15 आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत उतरून 6-7. हवा एका दुपारीत दहा अंश चढते, पाणी मात्र तिच्यामागून कित्येक आठवडे फरफटत येतं. ऑक्टोबरात आपण निदान टोपी-जाकीट घालून उतरतो, कारण हवाही गार असते. एप्रिलात ऊन पडलं की सगळे बनियनवर.

जाता जाता, बऱ्याच क्लबांत एक बेरजेचा नियम चालतो. हवा अधिक पाणी, फॅरनहाइटमध्ये, 100 किंवा 120 भरले की उतरायला हरकत नाही. हवा 75 आणि पाणी 45 असेल तर बेरीज 120, नियम पास. आता सात अंश सेल्सिअसच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला वरच्या 24 अंशांच्या हवेचा काय उपयोग? थंड पाण्याच्या सुरक्षिततेवर काम करणारी जाणती मंडळीही या बेरजेवर विसंबू नका असंच सांगतात. मी फक्त पाण्याचा आकडा बघते.

कायद्याचं म्हणाल तर केंद्राच्या नियमात रेसिंग शेलला, म्हणजे आमच्या या शर्यतीच्या अरुंद बोटींना, लाइफ जॅकेट बाळगण्यापासून सूट आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये 15 सप्टेंबर ते 15 मे या काळात कनू आणि कयाकवाल्यांना जॅकेट अंगावर घालावंच लागतं. तेच पाणी, तोच दिवस. शेजारून जाणारा कयाकवाला नखशिखांत बांधलेला आणि त्याच्याहून कितीतरी डगमगत्या बोटीत आम्ही मोकळे. सिंगल स्कल म्हणजे आठेक मीटर लांब, नितंबांपुरती रुंद आणि चौदा किलोच्या आसपास वजनाची. दोन्ही वल्ही हातात आहेत तोवर ती सरळ. एक वल्हं निसटलं की गेली. त्यामुळे सक्ती नसली तरी काहीतरी बांधायचं हे मी ठरवून टाकलं होतं. प्रश्न होता, काय बांधायचं.

पाण्याला लागताच आपोआप फुगणारं मॉडेल मी मुद्दाम टाळलं. एक तर वल्ह्याचं पाणी अंगावर उडतंच, पाऊसही असतो. भर शर्यतीत पोटावर फुगा उगवला तर हसं. दुसरं कारण गंभीर आहे. बोट उलटली आणि पाय अजून बोटीत जडवलेल्या बुटात असताना, डोकं पाण्याखाली असताना फुगा फुगला तर तो तुम्हाला वर, बोटीकडेच रेटत राहणार. आधी पाय सोडवायचे, बाहेर यायचं आणि मग स्वतःच्या हाताने दोरी ओढायची. म्हणून हाताने ओढायचंच घ्या. चौघांच्या बोटीत पुढच्या टोकाला आडवं पडून सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला तर हे दुप्पट लागू.

आता मुद्द्याचं. गार पाण्यात माणूस गारठून मरतो, असं आपण धरून चालतो. गारठून जायला मोठ्या माणसाला बर्फाळ पाण्यातही अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. त्याच्या फार आधी दोन गोष्टी होतात. पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही. एकदम मोठा आचका बसतो आणि मग धाप. त्या आचक्याच्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर खेळ तिथेच आटोपतो. त्यानंतरच्या दहाएक मिनिटांत हातपाय कामातून जातात, कारण शरीर रक्त आत ओढून घेतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी हे 1-10-1 असं सोपं करून सांगितलं आहे: एक मिनिट श्वासासाठी, दहा मिनिटं हातांसाठी आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. हे गृहस्थ स्वतःच बर्फाच्या पाण्यात उतरून प्रयोग करतात, त्यामुळे मला त्यांच्या आकड्यांबद्दल आदर आहे.

म्हणजे या पट्ट्याची परीक्षा दोनच प्रश्नांची. पहिल्या मिनिटात तो डोकं वर धरतो का? आणि त्याला चालवायला जी बोटं लागतात ती त्या वेळी शिल्लक असतात का? मी नोकरीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. ‘साधारणपणे चालतं’ हे उत्तर मला चालत नाही.

पहिली चाचणी स्वयंपाकघरात. बादलीत पाणी, त्यात फ्रीजरमधला सगळा बर्फ, थर्मामीटर 5 अंशांवर आल्यावर दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत आत. पहिल्या मिनिटात हाडं ठणकतात, मग दुखणं कमी होतं. तीच धोक्याची पायरी, कारण बोटं आता लाकडाची झालेली असतात. नवरा घड्याळ लावून उभा होता. “अगं, जांभळी पडायला लागलीत, काढ आता.” म्हटलं, “थांब, बकल राहिलंय.” निकाल असे. दोरीची मूठ: पास. ती बोटांनी धरावी लागत नाही, मनगट अडकवून झटका दिला तरी सुटते. ज्याने कुणी ही मूठ इतकी मोठी केली त्याचं भलं होवो. फुंकायच्या नळीचं टोपण: काठावर पास, दातांनी निघालं. फुगा गळ्यात घातल्यावर मागून-पुढून आवळायचं छोटं बकल: सपशेल नापास. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबायचं, आणि चिमूट नावाची गोष्टच उरलेली नव्हती.

मग तरणतलाव. क्लबात बोट मुद्दाम उलटवून बाहेर यायचा सराव करून घेतात, त्यात मी पट्टा बांधून उतरले. कोमट पाण्यात सगळं छान झालं, एक सोडून. फुगा डोक्यावरून घालताना माझ्या अंबाड्यात अडकला. लांब केसवाल्यांनी वेणी घालून ती आत खोचावी. चष्मा दोरीला बांधलेला हवा, नाहीतर फुगा गळ्यात आणि चष्मा तळाशी.

खरी परीक्षा मेमध्ये नदीत. पाणी 14 अंश, प्रशिक्षकाची मोटरलाँच शेजारी, काठ जवळ. हे एकट्याने करू नका. मला वाटलं होतं 14 म्हणजे काही फार नाही. महाबळेश्वरला डिसेंबरात पहाटे तेवढं असतं आणि आपण शाल गुंडाळून चहा पितो. पाण्यात मात्र 14 वेगळं. पाणी हवेच्या पंचवीसेक पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. बोट मुद्दाम उलटवली, बाहेर आले आणि छातीतून ‘हाँ’ असा श्वास आपोआप आत गेला, मग दुसरा, तिसरा, मोजता येईनात. एका हाताने बोट धरलेली. दुसऱ्याने मूठ ओढली. फुस्स आवाज झाला आणि फुगा वर आला, पण तलावातल्यापेक्षा सावकाश आणि जरा ढिला. गार पाण्यात गॅस कमी फुगतो, ते अपेक्षितच. ढिला असूनही त्याने हनुवटी पाण्यावर धरली आणि पहिल्या मिनिटाचं काम चोख केलं. नळीने आणखी फुंकून घट्ट करायचा प्रयत्न केला, तो वाया गेला. स्वतःच्या श्वासावर ताबा नसताना नळीत काय फुंकणार! प्रशिक्षक वरून ओरडत होता, “आधी श्वास, बाकी सगळं नंतर!” त्याचं बरोबर होतं.

श्वास जाग्यावर आल्यावर बोटीवर चढायचं. इथे या जॅकेटची खरी अडचण. छातीवर एवढा मोठा फुगा असताना सिंगलवर पोट टाकून वर सरकताच येत नाही. फुगाच मध्ये येतो. थोडी हवा सोडली तर जमतं, पण हवा सोडायची तर नळीचं तोंड बोटाने दाबून धरायचं, आणि बोटांचं काय झालेलं असतं ते वर आलंच. मी शेवटी उलटलेल्या बोटीच्या पाठीवर छाती टाकून, हात पलीकडे धरून पडून राहिले. अंग जितकं पाण्याबाहेर तितकं बरं. बोट तरंगते, ती सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही. लाँच आली, मला वर घेतलं. फूटभर अंतरावरून माझ्याकडे एक हंस बघत होता, तो शेवटपर्यंत हलला नाही.

यावरून माझा हिशोब असा बसला. 14-15 अंशांच्या पाण्यात दोरी ओढायला आणि गळ्यात घालायला बोटं पुरतात, वेळही मिळतो. 5 अंशांत दोरी ओढली जाईल, पण फुगा नीट गळ्यात बसेल आणि बसून राहील याची मला खात्री नाही. त्या पाण्यात माणसाच्या हाताला काहीही करायला न लावणारं जॅकेट हवं. म्हणजे अंगाला घट्ट बसणारं फोमचं, आधीपासून घातलेलं. वल्ही मारताना ते उबतं, कोपर घासतं आणि आरशात आपण दूधवाल्याच्या कॅनसारखे दिसतो, मान्य. मार्चात मी तेच घालते, आणि तेही डबल किंवा क्वाडमध्ये (दोघांच्या किंवा चौघांच्या बोटीत), लाँच सोबत असेल तरच. सिंगल तेव्हा रॅकवर.

आता रोजच्या वापरातल्या तक्रारी. कंपनी सांगते पाकीट पोटावर ठेवा. स्ट्रोकच्या सुरुवातीला गुडघे वर आणि पोट मांड्यांवर टेकलेलं, त्यात ते पाकीट रुततं. म्हणून बरेच जण ते फिरवून पाठीमागे नेतात. पॅडलबोर्डवाले तर सर्रास. मलाही तो मोह झाला, करून बघितलं. मागे असलं की पडल्यावर आधी ते फिरवून पुढे आणायचं, मग मूठ शोधायची, आणि ओला पट्टा लायक्रावर फिरता फिरत नाही. त्यापेक्षा पुढेच ठेवून पट्टा दोन बोटं खाली, ओटीपोटावर बांधा. चारपाच फेऱ्यांत सवय होते. वल्ह्याच्या मुठी बरगड्यांशी येतात तिथे तो आड येत नाही, हे मात्र खरं.

वेल्क्रो हा दुसरा वैताग. पाकीट वेल्क्रोने बंद होतं आणि त्याची काटेरी कड जिथे लागेल तिथले धागे उपटते. माझ्या चांगल्या टाइट्सचं डाव्या बाजूला फडकं झालं आहे. शिवाय वेल्क्रोत वाळू आणि गवत अडकतं, ते जुन्या टूथब्रशने काढत बसावं लागतं.

देखभाल सोपी आहे, पण करावी लागते. दर वेळी बांधण्याआधी हिरवी खूण, म्हणजे दोरी ओढली गेलेली नाही हे दाखवणारी पिन, जागेवर आहे का बघायचं. महिन्यातून एकदा नळकांडं उघडून त्याचं तोंड फुटलेलं नाही आणि ते पूर्ण आवळलेलं आहे ना, हे पाहायचं. हंगामाच्या सुरुवातीला फुगा तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचा, सकाळी मऊ पडला तर समजायचं गळतो आहे. एकदा ओढलं की नवं नळकांडं आणि हिरवी पिन घ्यावी लागते, पंचवीस-तीस डॉलर. इथे मला ज्या दुकानाने त्रास दिला त्याचं नाव लिहीत नाही. त्यांनी 16 ऐवजी 24 ग्रॅमचं पाठवलं आणि वर ईमेलमध्ये ‘जास्त म्हणजे चांगलंच’ असं लिहिलं! मोठं नळकांडं लहान फुग्यासाठी बनवलेलं नसतं. आकडा स्वतः वाचा, मॉडेलचं नाव जुळवा, आणि तात्पुरतं काहीतरी बसवून पाण्यात जाऊ नका.

पाचपैकी किती? मेच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चार, एक गेला तो त्या छोट्या बकलामुळे आणि वेल्क्रोमुळे. उरलेल्या महिन्यांत दोन, तेही त्या मोठ्या मुठीसाठी.

हे सगळं धाकट्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणे, “ताई, येताना माझ्यासाठी एक आण.” तो पवनेच्या बॅकवॉटरमध्ये मित्रांना घेऊन कयाक काढतो. गॅसचं नळकांडं विमानातून न्यायचं तर कंपनीची आधी परवानगी काढावी लागते, पण ते कारण नाही. त्याच्या मित्रांतल्या निम्म्यांना पोहता येत नाही आणि जॅकेट सगळ्यांत फिरतं. तिथे पाणीही गार नाही. त्याला फोमचं साधं जॅकेट घेतलं आहे, शिट्टीसकट. तो म्हणतो एल पुरेल. मी एक्सएल घेतलं.